धुराचा कायदा वाफेला लावू नका



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन तऱ्हेची विचारणा झाली. काहींनी म्हटलं, भारतात ई-सिगारेट विकायलाच बंदी आहे, मग ती चारचौघांत ओढू द्यावी की नाही यावर तासभर बोलायचं कारण काय? आणि काहींनी जरा तिखटपणे विचारलं, की तंबाखूवाल्यांची वकिली कधीपासून सुरू केलीत? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दुसऱ्याकडे आम्ही वाटेत येऊच. पहिल्याचं उत्तर आत्ताच देतो.

ही व्याख्यानं ऐकणाऱ्यांत ब्रिटनमध्ये राहणारी मंडळी आहेत. भारतीय पासपोर्ट असला तरी तिथे कायदेशीररीत्या राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येतं. वेल्समध्ये राहत असाल तर तिथल्या विधिमंडळाच्या, म्हणजे सेनेडच्या, निवडणुकीतही. म्हणजे तुम्ही तिथल्या लोकप्रतिनिधीला पत्र लिहू शकता आणि त्याला ते वाचावं लागतं. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी लंडनच्या पार्लमेंटात तंबाखू आणि व्हेप यांच्याबद्दलचं एक मोठं विधेयक मांडलं गेलं. त्यात ठरावीक जागा 'व्हेपमुक्त' जाहीर करण्याचे अधिकार सरकारांना देणारी कलमं आहेत. जागा कोणत्या, हे नियमांनी ठरायचं. अधिकार हातात असणं वेगळं आणि तो कुठे, किती वापरायचा हे वेगळं. आजचं बोलणं त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे.

आमची बाजू लपवून ठेवत नाही. धूम्रपानबंदीचा जो कायदा आहे, त्यात ई-सिगारेटला ओढून आणू नये. पबमध्ये, कचेरीत, वसतिगृहात चालेल की नाही, हे त्या जागेच्या मालकाने किंवा संस्थेने ठरवावं. शाळा आणि लहान मुलांच्या जागा यांबद्दल आमचं भांडण नाही, तिथे नकोच. बाकी ठिकाणी सरसकट बंदी का नको, हे सांगायला आम्ही एका न झालेल्या कायद्याची गोष्ट घेतली आहे. ती वेल्समधली आहे.

एप्रिल २०१४. वेल्सचे आरोग्यमंत्री मार्क ड्रेकफर्ड यांच्या खात्याने एक श्वेतपत्रिका काढली. हे गृहस्थ कार्डिफ विद्यापीठात समाजधोरणाचे प्राध्यापक होते, पुढे वेल्सचे फर्स्ट मिनिस्टरही झाले. उथळ माणूस नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण टीका करताना समोरचा बावळट होता असं धरून चालणं सोपं असतं. श्वेतपत्रिकेत प्रस्ताव होता, की बंद सार्वजनिक जागांत आणि कामाच्या ठिकाणी सिगारेटला जशी बंदी आहे तशीच ई-सिगारेटला घालावी. सिगारेटवरची बंदी वेल्समध्ये २ एप्रिल २००७ पासून होती. जून २०१५ मध्ये हा प्रस्ताव सार्वजनिक आरोग्य विधेयकाचा भाग म्हणून विधिमंडळात आला. त्याच विधेयकात इतरही गोष्टी होत्या: गोंदण आणि टोचणी करणाऱ्यांना परवाना, लहान वयाच्या मुलामुलींच्या शरीराच्या खाजगी भागांवर टोचणी करायला बंदी, गावोगावच्या सार्वजनिक स्वच्छतागृहांचं नियोजन. चांगल्या, कामाच्या गोष्टी.

ई-सिगारेटच्या कलमावर मात्र तंबाखूविरोधी लोकांतच फूट पडली. डॉक्टरांची संघटना ब्रिटिश मेडिकल असोसिएशन आणि सरकारी आरोग्यसंस्था पब्लिक हेल्थ वेल्स बंदीच्या बाजूने. उलट बाजूला कोण, तर ॲश वेल्स, म्हणजे धूम्रपानाच्या विरोधात झगडणारीच संस्था, आणि कॅन्सर रिसर्च यूके. ज्या लोकांनी २००७ची बंदी यावी म्हणून वर्षानुवर्षं खटाटोप केला, ते आता सरकारला सांगत होते, की ही बंदी नको. विधेयक तपासणाऱ्या समितीचंही या कलमावर एकमत होऊ शकलं नाही. सरकारने मग थोडी माघार घेतली आणि सरसकट बंदीऐवजी शाळा, रुग्णालयं, खाणं मिळतं अशा जागा, सार्वजनिक वाहनं अशी यादी केली.

१६ मार्च २०१६. निवडणुकीआधी सभागृहाचा शेवटचा दिवस. लेबर सरकारकडे स्वतःचं बहुमत नव्हतं, प्लेड कम्री या पक्षाच्या मतांवर भिस्त होती. आणि नेमकं लेटन अँड्र्यूज या मंत्र्याने त्या पक्षाला उद्देशून भर सभागृहात एक शेरा मारला. 'स्वस्तात पटणारी' अशा अर्थाचा. झालं! प्लेडचे लोक बिथरले आणि विरोधात गेले. मतं पडली २६ विरुद्ध २६. बरोबरी झाली की विधेयक पडतं. टोचणी, गोंदण, स्वच्छतागृहं, सगळंच त्या संध्याकाळी बुडालं. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, इथे कुठलं सुकं आणि कुठलं ओलं ते तुम्ही ठरवा. त्याच वर्षाच्या अखेरीला तेच विधेयक ई-सिगारेटचं कलम वगळून पुन्हा आणलं गेलं आणि २०१७ मध्ये कायदा झाला.

म्हणजे वेल्समध्ये बंदी आली नाही ती युक्तिवादाने नव्हे, एका चुकीच्या विनोदाने. आम्हांला ही गोष्ट जितकी गमतीची वाटते तितकीच अस्वस्थ करते. कारण वाद निकाली लागलाच नाही. जे मुद्दे तेव्हा मांडले गेले तेच पुन्हा येणार, येत आहेत. म्हणून ते नीट तपासायला हवेत.

त्याआधी वस्तू काय आहे ते बघू. सिगारेटमध्ये तंबाखू जळतो. झुरका घेताना टोकाचं तापमान ९०० अंशांच्या आसपास जातं. त्या जळण्यातून डांबर येतं, कार्बन मोनॉक्साइड येतो, कॅन्सर करणारी डझनावारी रसायनं येतात. निकोटिनने चटक लागते, पण मारतो तो धूर. मायकेल रसेल नावाच्या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने १९७६ मध्येच हे स्वच्छ लिहून ठेवलं होतं. ई-सिगारेटमध्ये तंबाखू नाही आणि जळणंही नाही. बॅटरीवर एक तार तापते, तिच्यामुळे प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि वासाचे पदार्थ असलेला द्रव उडून बारीक थेंबांचा फवारा होतो. आपण सवयीने वाफ म्हणतो, आज आम्हीही म्हणणार आहोत, पण ती चहाच्या कपावरची वाफ नव्हे. तिच्यातही नको असलेले पदार्थ सापडतात. फक्त ते बरेच कमी असतात.

शेजारी बसलेल्या माणसाच्या दृष्टीने एक फरक फार महत्त्वाचा आहे, आणि तो चर्चेत क्वचितच येतो. सिगारेट दोन झुरक्यांच्या मधल्या वेळातही जळतच असते. बोटांत धरलेल्या, ॲशट्रेवर ठेवलेल्या सिगारेटच्या टोकातून धूर निघत राहतो, आणि दुसऱ्यांच्या नाकात जाणाऱ्या धुराचा मोठा हिस्सा हाच असतो. ई-सिगारेट खाली ठेवली की तिच्यातून काहीच निघत नाही. बाहेर येतं ते फक्त ओढणाऱ्याने उच्छ्वासात सोडलेलं. तेही शून्य नाही. दमा असलेल्या माणसाला त्याचा त्रास होऊ शकतो आणि एखाद्याला त्या आंबा-स्ट्रॉबेरीच्या वासाची शिसारी येऊ शकते. आम्हांलाही येते. पण २००७चा कायदा वासासाठी झाला नव्हता. पबमध्ये काम करणाऱ्या बाईला दुसऱ्याच्या धुराने कॅन्सर आणि हृदयरोग होऊ नये म्हणून तो झाला. दुसऱ्याला होणारी गंभीर इजा हा त्याचा पाया होता. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसंस्थेने, पब्लिक हेल्थ इंग्लंडने, २०१८च्या पुराव्यांच्या आढाव्यात नोंदवलं, की शेजारच्यांना वाफेमुळे आरोग्याचा धोका होत असल्याचं तोवर आढळलेलं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेचं मत वेगळं आहे. २०१४च्या अहवालात तिने बंद जागांत वापर नको असंच म्हटलं होतं, आणि ते वजनदार मत आहे. पण तिचा भर मुख्यतः सावधगिरीवर होता.

तर सावधगिरी. हा पहिला मुद्दा. माहिती पुरी नाही, तोवर बंदी घाला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि तंबाखूच्या बाबतीत सगळ्या जगाचं तोंड पोळलेलं आहे. कंपन्यांनी दशकानुदशकं खोटं सांगितलं. 'फिल्टर', 'लाइट', 'माइल्ड', सगळी फसवणूक होती. त्यामुळे डॉक्टर मंडळी संशयाने बघतात यात नवल नाही. पण ताक फुंकून पिण्यात तोटा काही नसतो, थोडा वेळ जातो इतकंच. इथे तोटा आहे. तो कोणाला, हे बंदी सुचवणाऱ्यांच्या हिशेबात दिसत नाही. तो सिगारेट सोडू पाहणाऱ्या माणसाला आहे.

दुसरा मुद्दा अंमलबजावणीचा. कोण सिगारेट ओढतंय आणि कोण व्हेप, हे पबमधल्या नोकराला कळणार नाही, म्हणून दोन्ही बंद करा. न्यूयॉर्कच्या महापालिकेने डिसेंबर २०१३ मध्ये ई-सिगारेटला धूम्रपानबंदीत घातलं, ४३ विरुद्ध ८ मतांनी, तेव्हाही या सारखेपणाचा आणि गोंधळाचा मुद्दा पुढे होता. यावर फार वेळ घालवत नाही. ज्याला नाक आहे त्याला फरक कळतो.

तिसरा मुद्दा खरा वजनदार, आणि ड्रेकफर्ड यांचा भर त्याच्यावरच होता. धूम्रपान ही गोष्ट मोठ्या कष्टाने लोकांच्या नजरेआड गेली आहे. आज वेल्समधलं दहा वर्षांचं मूल हॉटेलात सिगारेट ओढणारा माणूस बघत नाही. आता तिथेच लोक तोंडातून पांढरे लोट सोडताना दिसले, तर त्या मुलाला ओढणं ही पुन्हा साधी, रोजची गोष्ट वाटेल. आज वाफ, उद्या धूर.

हा युक्तिवाद आम्हांला सुरुवातीला पटला होता, कबूल करतो. दिसतं ते शिकतं, हे आपल्याकडेही आपण पाहतोच. चुना मळणारे आजोबा बघत नातू मोठा होतो. पण हा युक्तिवाद तपासता येण्याजोगा आहे. ई-सिगारेट दिसू लागल्यावर मुलांना सिगारेट अधिक मान्य वाटू लागली का? कार्डिफ विद्यापीठातल्याच संशोधकांनी, ग्रॅहॅम मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, हे तपासलं. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स इथल्या शाळकरी मुलांच्या अनेक वर्षांच्या पाहण्या, सुमारे अडीच लाख मुलांची उत्तरं. निष्कर्ष २०१९ मध्ये छापून आला. सिगारेट एकदा ओढून बघायला हरकत नाही असं म्हणणारी मुलं १९९९ मध्ये ७० टक्के होती, २०१५ मध्ये २७ टक्के. कधीतरी ओढलेली मुलं १९९८ मध्ये ६० टक्के, २०१५ मध्ये १९. ई-सिगारेट सर्रास झाली ती २०१०नंतर, आणि मुलांच्या मनातला सिगारेटचा मान त्या काळातही घसरतच राहिला.

आता इथे आमच्या बाजूने बोलणारे थांबतात. थांबू नये. त्याच अभ्यासात असंही दिसलं, की नियमित सिगारेट ओढणाऱ्या मुलांचं प्रमाण कमी होण्याचा वेग २०१०नंतर थोडा मंदावला. आणि हा अभ्यास २०१५ला संपतो. त्यानंतर, साधारण २०२१पासून, रंगीबेरंगी एकदाच वापरून फेकायच्या व्हेप आल्या आणि ब्रिटनमधल्या मुलांत व्हेपिंग वाढलं. ही गोष्ट खरी आहे आणि वाईट आहे. १८ वर्षांखालच्यांना विक्री करायला इंग्लंड आणि वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०१५ पासून बंदी होती, तरी दुकानांत चॉकलेटशेजारी हे मांडून ठेवलेलं होतं. एकदाच वापरायच्या व्हेपची विक्री १ जून २०२५ पासून बंद झाली, ते योग्यच झालं. पण पंधरा वर्षांच्या पोराला व्हेप मिळते ती दुकानातून आणि मित्राकडून. पबमध्ये पंचावन्न वर्षांचा वाहनचालक ओढतो म्हणून ती मिळत नाही. रोग विक्रीचा आहे, औषध वापरावर चालवून काय होणार?

मोठ्यांचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये २०११ साली २०.२ टक्के प्रौढ सिगारेट ओढत, २०२३ साली ११.९ टक्के. हे सगळं व्हेपमुळे झालं असं आम्ही म्हणणार नाही. कर वाढले, दुकानात सिगारेटची पाकिटं झाकली गेली, पाकिटांवरची नक्षी गेली. पण वाफ डोळ्यांसमोर असताना धूर परत आला नाही, एवढं नक्की म्हणता येतं.

आता ज्या माणसाच्या तोट्याबद्दल बोललो त्याच्याकडे वळू.

समजा, तीस वर्षं रोज वीस सिगारेटी ओढणारी एक बाई आहे. पॅच लावून झाला, निकोटिनचं च्युइंगगम चघळून झालं. मग ई-सिगारेटवर आली आणि चार महिने धुराला शिवलेली नाही. सोडवण्याच्या साधनांची तुलना करणाऱ्या कॉक्रेनच्या आढाव्यानुसार निकोटिनवाली ई-सिगारेट घेणाऱ्या शंभरांत ८ ते १० जणांना सिगारेट सुटते, पॅच-गमसारख्या उपायांनी सुमारे ६ जणांना. फरक छोटा वाटतो. पण लाखो लोकांना लावला की तो छोटा राहत नाही. २०१९ मध्ये इंग्लंडमध्ये ८८६ लोकांवर झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर ई-सिगारेटच्या गटात १८ टक्के सुटलेले होते, दुसऱ्या गटात ९.९. त्याच चाचणीतली पडती बाजूही सांगतो. ई-सिगारेटने सुटलेल्यांतले ८० टक्के लोक वर्षानंतरही व्हेप ओढतच होते. म्हणजे धूर सुटला, चटक नाही सुटली.

तर ही बाई कामावर जाते. नवा नियम लागलेला आहे, आत व्हेप चालत नाही. तिला तल्लफ येते, ती बाहेर जाते. बाहेर कुठे? तिथे ती शेड आहे, पत्र्याची, पावसापुरती. ब्रिटनच्या प्रत्येक ऑफिसामागे असते तशी. आणि त्या शेडमध्ये कोण उभं आहे? सिगारेट ओढणारे. तिचे जुने सोबती. एक जण पाकीट पुढे करतो.

दारू सोडलेल्या माणसाला दिवसातून सहा वेळा गुत्त्यात नेऊन उभं करण्यासारखं आहे हे. म्हणूनच पब्लिक हेल्थ इंग्लंडने २०१६ मध्ये मालकांना सल्ला दिला, की सिगारेट आणि व्हेप यांच्यात स्पष्ट फरक करा, आणि व्हेप ओढणाऱ्यांना धूम्रपानाच्या जागेत लोटू नका. सल्ला होता, सक्ती नव्हे. कायदा येतो तेव्हा असा बारकावा उरत नाही.

दुसरा तोटा नजरेला दिसत नाही, पण आमच्या मते तोच मोठा आहे. कायदा नुसती मनाई करत नाही, तो काहीतरी शिकवतोही. दारावर एकाच लाल वर्तुळात सिगारेट आणि व्हेप अशी दोन चित्रं काढली, की वाचणारा काय समजतो? दोन्ही सारखीच. ॲश या संस्थेच्या २०२४च्या पाहणीत ब्रिटनमधल्या सिगारेट ओढणाऱ्यांपैकी निम्मे लोक असं समजत होते, की व्हेप सिगारेटइतकीच किंवा तिच्याहून जास्त घातक आहे. वस्तुस्थिती तशी नाही. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने, म्हणजे ज्यांनी १९६२ मध्ये सिगारेटच्या धोक्याचा गाजलेला अहवाल काढला त्यांनीच, एप्रिल २०१६ मध्ये म्हटलं, की दीर्घकाळातला धोका सिगारेटच्या ५ टक्क्यांहून जास्त असण्याची शक्यता कमी आहे. वेल्समधल्या त्या मतदानानंतर जेमतेम सहा आठवड्यांनी! ५ टक्के हा काट्यावर तोललेला आकडा नाही, जाणकारांचा अंदाज आहे, आणि त्यावर टीकाही झालेली आहे. तो १० असेल, १५ असेल. तरी ज्याला वाटतं की दोन्ही सारखंच मारतात, तो आहे तिथेच राहतो. त्याला दोष कसा द्यायचा? दारावरची पाटी तेच सांगते.

आणि 'सार्वजनिक जागा' म्हणजे फक्त पब नव्हे. वेल्सच्या सुधारित यादीत रुग्णालयंही होती. मानसोपचाराच्या वॉर्डात माणूस आठवडे, महिने राहतो. ती त्याची जागा असते, घरच. गंभीर मानसिक आजार असलेल्यांत सिगारेटचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त असतं आणि ही माणसं इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षं आधी मरतात. त्यात तंबाखूचा वाटा मोठा आहे. २०१८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या विज्ञान समितीने नॉर्मन लॅम्ब यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी केली तेव्हा दिसलं, की उत्तर देणाऱ्या एनएचएस ट्रस्टांपैकी एक तृतीयांश ठिकाणी मानसोपचार रुग्णांना ई-सिगारेटलाही बंदी होती. समितीने हे चूक ठरवलं, आणि सार्वजनिक जागांत दोन्ही वस्तूंना एकाच मापाने मोजायला आरोग्याचा आधार नाही असंही नोंदवलं. इंग्लंड-वेल्सच्या बंद तुरुंगांत धूम्रपानबंदी टप्प्याटप्प्याने आली तेव्हा कैद्यांना कँटीनमध्ये व्हेप विकत मिळू लागली, आणि तिने बंदी पचायला मदत केली. कैद्याला जे मिळतं ते मनोरुग्णाला का मिळू नये, याचं उत्तर आम्हांला अजून कोणी दिलेलं नाही.

आता तो वकिलीचा प्रश्न. हो, आमच्या बाजूला उभे असलेले सगळे सज्जन नाहीत. मोठ्या सिगारेट कंपन्यांचे स्वतःचे व्हेप ब्रँड आहेत. मार्लबोरो विकणाऱ्या अल्ट्रियाने डिसेंबर २०१८ मध्ये जूल या कंपनीचा ३५ टक्के हिस्सा १२.८ अब्ज डॉलर मोजून घेतला, आणि जूलने अमेरिकेतल्या शाळकरी पोरांत काय धुमाकूळ घातला ते जगाला ठाऊक आहे. या कंपन्यांना लोकांनी सिगारेट सोडावी असं वाटत नाही, दोन्ही विकायचं असतं. त्यांच्या जाहिराती, त्यांचे वास, त्यांची रंगीत वेष्टनं यांच्यावर जितकी बंधनं घालाल तितकी घाला. पण कंपनीवरचा राग शेडमधल्या त्या बाईवर काढू नका.

शेवटी आपल्याकडचं. सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम आणि डिसेंबरमध्ये कायदा करून भारताने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळं बंद केलं. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेत फुफ्फुसं निकामी होण्याची साथ आली होती आणि वातावरण भीतीचं होतं. पुढे तिचा मुख्य संबंध गांजातल्या अर्काच्या द्रवात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटशी जोडला गेला. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. आणि सिगारेट? ती कोपऱ्यावरच्या पानटपरीवर सुटी मिळते. २००८च्या नियमांनुसार विमानतळावर आणि तीस खोल्यांच्या हॉटेलात धूम्रपानाची वेगळी खोली काढता येते. म्हणजे त्या खोलीत बसून जी वस्तू खात्रीने मारते ती ओढायला मुभा, आणि तिच्याहून कमी घातक वस्तू विकणारा तुरुंगात. चोर सोडून संन्याशाला सुळी. ई-सिगारेट संन्यासी नाही हे मघापासून सांगतोच आहोत, पण चोर कोण याबद्दल तरी शंका नसावी.

तरीही वेल्सचा युक्तिवाद उचलून जसाच्या तसा इथे लावा, असं आम्ही म्हणत नाही. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात ३.८ टक्के प्रौढ तंबाखू ओढणारे होते आणि २४.४ टक्के तो तोंडात धरणारे, चघळणारे, मिश्री लावणारे. आपला तंबाखू धुरात कमी आणि गालात जास्त आहे. तिथे व्हेप काय करणार? आपल्याला वेगळा विचार करावा लागेल, आणि त्यासाठी एक स्वतंत्र व्याख्यान लागेल.

म्हणून मागणं आहे ते ब्रिटनमधल्या श्रोत्यांकडे. कार्डिफ, स्वान्सी, लेस्टर, लंडन, कुठेही असाल, तुमच्या प्रतिनिधीला लिहा. लांब नको. शाळा आणि मुलांची मैदानं व्हेपमुक्त करा, आमचा पाठिंबा आहे, असं आधी लिहा. मग विचारा: मानसोपचाराच्या वॉर्डात काय करणार आहात? कामाच्या जागी व्हेप ओढणाऱ्याला कुठे उभं करणार? आणि दारावरच्या पाटीवर दोन वस्तूंतला फरक कसा दाखवणार? तुमच्यापैकी जे एनएचएसमध्ये डॉक्टर किंवा परिचारिका आहेत त्यांनी वॉर्डाबद्दल स्वतः पाहिलेलं लिहावं, त्याला आमच्या आकड्यांपेक्षा जास्त किंमत येईल.

वेळ होत आली. दम्याबद्दल आणि गरोदर स्त्रियांबद्दल दोन प्रश्न आधीच आलेले दिसतात, ते पहिल्यांदा घेऊ.